ज्याचे बोल, त्याचे नाव

मंडळी, आपल्या खटाव-माण भागात एकादशीला भजन होत नाही असे गाव शोधून काढावे लागेल. देवळात टाळ-मृदंग चालू असतो, अभंग रंगत जातो, आणि शेवटचा चरण आला की म्हणणारे आणि ऐकणारे दोघेही सावध होतात. कारण तिथे नाव यावयाचे असते. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', 'चोखा म्हणे', 'दासी जनी'. भजनाला कितीही उशीर झालेला असो, हे नाव गाळून कोणी पुढे जात नाही. जुन्या मराठी वाङ्मयात याला नाममुद्रा म्हणतात. मुद्रा म्हणजे शिक्का. हा बोल कुणाचा, हे सांगणारा शिक्का.

आता त्या नावांकडे जरा लक्ष देऊन पाहा. जनाबाई ही नामदेवांच्या घरची दासी. तिच्या मालकीचे असे त्या घरात काय असणार? चोखोबांना तर देवळाची पायरी चढण्याचीही बंदी. पण अभंग मात्र त्यांचा होता आणि त्यावर नाव त्यांचे होते. सातशे वर्षांत किती वतने गेली, किती वाडे पडले, त्यांच्या धन्यांची नावे आज कुणाला सांगता यावयाची नाहीत. त्या दासीचे नाव मात्र आपल्या पोराबाळांना पाठ आहे.

आजच्या कायद्यात ज्याला स्वामित्वहक्क किंवा प्रताधिकार म्हणतात, आणि बोलण्यात आपण सरळ कॉपीराइट म्हणतो, त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ही परदेशातून आलेली, वकिलांच्या कामाची गोष्ट आहे, शाळेतल्या मुलांना तिच्याशी काय करावयाचे, असा एक समज आपल्या शिक्षकवर्गातही आढळतो. कायदा बाहेरून आला हे खरे. पण कायद्याच्या मुळाशी असलेली जाण आपल्या मातीतली आहे, आणि मुलांना ती शिकवावयाची तर आपल्याच इतिहासातून शिकवता येते. दुसऱ्याच्या कृतीचा आपण उपयोग करतो तेव्हा तीन गोष्टींचे देणे लागतो: तिच्यावर त्याचे नाव राहिले पाहिजे, त्याचे शब्द शुद्ध राहिले पाहिजेत, आणि त्या कृतीवर पैसा मिळत असेल तर त्यात त्याची भाकरी राहिली पाहिजे. या तिन्ही गोष्टींचे दाखले आता क्रमाने पाहू.

पहिला दाखला नावाचा. सतराव्या शतकात देहूला तुकोबांचे कीर्तन ऐकावयाला माणसे लोटत असत. त्याच काळात सालोमालो नावाचा एक कवी होता. तुकोबांच्या गाथेतच त्याचा उल्लेख आहे. हरिदास म्हणवून घेणारी अशी माणसे दुसऱ्याची वचने आपली म्हणून सांगतात आणि संतांचे शब्द मोडून त्यांतून स्वतःला मिरवावयाचे दागिने घडवतात, अशी तुकोबांची तक्रार आहे. ज्या माणसाने घरातल्या कर्जखतांतला आपल्या वाट्याचा भाग इंद्रायणीत सोडून दिला, असे परंपरा सांगते, त्या माणसाला शब्दांची चोरी मात्र खपली नाही! आपले शब्द आपले नाहीत, ते विठ्ठलाने बोलविले, असे म्हणणारेही तेच. मग राग कशाचा? राग खोट्याचा. खोट्या नावाने खपविलेल्या शब्दामागे अनुभव नसतो, आणि ऐकणारा फसतो.

हा सालोमालो आपल्या ओळखीचा आहे तो प्रभातच्या बोलपटामुळे. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' काढला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात तुकोबांचे अभंग आपल्या नावावर गाणारा सालोमालो पाहून प्रेक्षक चिडत असत. आता गंमत पाहा. त्याच बोलपटात बीज आणि वृक्ष यांचा दाखला देणारे एक गीत आहे. ते तुकोबांचेच असे कित्येकांनी धरले, जाणकारांनी गाथा चाळून पाहिली, पण ते तिथे सापडेना. सापडणार कसे? ते लिहिले होते शांताराम आठवले यांनी. दुसऱ्याचे शब्द चोरणाऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या चित्रातच एका कवीचे नाव असे मागे पडले. इथे कुणी चोरी केली नव्हती. लोकांनी फक्त नाव विचारले नाही, इतकेच. पण नाव हरवावयाला तेवढे पुरते.

नावांचा घोटाळा झाला म्हणजे तो निस्तरावयाला शतके लागतात. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. नाव सारखे, म्हणून त्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली. कुठला नामा कोणता, हे ठरविण्यात संशोधकांची हयात गेली. याच्या उलट, तेच नामदेव पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या पवित्र ग्रंथात घेतली गेली. हा ग्रंथ १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केला. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, पण नरसीबामणीच्या या शिंप्याचे नाव त्यांनी बदलले नाही. आज अमृतसरला ती पदे नामदेवांचीच म्हणून गायिली जातात.

दुसरे देणे शब्दांच्या शुद्धतेचे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. तेव्हा छापखाना नव्हता. पोथी हाताने उतरून घ्यावयाची. उतरविणाऱ्याचा हात चुके, एखाद्याला शब्द कळला नाही तर तो सोपा शब्द घाली, आणि एखाद्याला स्फूर्ती आली तर तो स्वतःची ओवीही आत सरकवून देई! असे होता होता जवळजवळ तीनशे वर्षे गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथमहाराजांनी अनेक प्रती जमविल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ तयार केला.

एकनाथ हे काही सामान्य नकलनवीस नव्हते. भागवतावरची त्यांची प्रचंड टीका त्याच्या आधीच पुरी झाली होती. दोनचार ओव्या आपल्या घातल्या असत्या तर त्या शोभूनही दिसल्या असत्या आणि कुणाला कळलेही नसते. त्यांनी तसे केले नाही. उलट शेवटी बजावून ठेवले, की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे. करवंटी काही विषारी नसते, पण त्या ताटात तिचे काम नाही. आपली ओवी चांगली असेल तर ती आपल्या ग्रंथात, आपल्या नावाने लिहावी.

हेच काम आपल्या शेजारच्या औंधशीही जोडलेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी ताडून पाहिली गेली. या कामाला औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी प्रारंभीच मोठे अर्थसाहाय्य देऊ केले आणि आपल्या कुंचल्याने चित्रेही काढून दिली. आपल्या खटाव तालुक्यातल्या एका लहान संस्थानिकाला वाटले, की मूळ शब्द कोणते आणि मागून घातलेले कोणते हे लोकांना कळले पाहिजे, आणि त्यासाठी खर्च करणे योग्य आहे.

आता तिसरे देणे, भाकरीचे. संतांनी कवित्वावर पोट भरले नाही. पण शाहिराचे तसे नव्हते. त्याचे घर डफावर आणि तुणतुण्यावर चाले. म्हणून लावणीच्या शेवटीही नाव असते. पेशवाईच्या अखेरीस होनाजी शिलारखाने लावण्या रचीत आणि बाळा करंजकर त्या गात. लोकांनी काय केले? एकाचे नाव ठेवून दुसऱ्याचे टाकले नाही. 'होनाजी बाळा' असे जोडनाव केले. रचणारा आणि गाणारा अशा दोघांचाही वाटा त्या काळच्या रसिकाने असा मान्य केला होता.

आणि मग आपले पठ्ठे बापूराव. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६. गाव रेठरे हरणाक्ष, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, आता सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातले. कुलकर्ण्याचा मुलगा तमाशात गेला म्हणून जातीने आणि गावाने बोल लावले. पण त्याने फड सोडला नाही. पवळाबाईंच्या साथीने मुंबई गाजविली. त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर फडाफडांतून बोर्डावर आल्या. आपल्याकडच्या यात्रांत त्या अजूनही ऐकावयास मिळतात. आणि हा माणूस १९४५ साली पुण्यात अत्यंत हलाखीत वारला. त्यांच्या गरिबीला कारणे अनेक होती, सगळा दोष एका गोष्टीवर टाकता यावयाचा नाही. परंतु लावणी एकदा लोकांच्या तोंडी गेली, की तिच्यावर कुणी कितीही कमाई करो, रचणाऱ्याला काही देणे लागते ही रीतच तेव्हा नव्हती. वाहवा भरपूर होती. म्हातारपणी वाहवा शिजवून खाता येत नाही.

याच सुमारास यंत्र आले. १९०२ साली कलकत्त्याला ग्रामोफोनचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्यात गौहरजान नावाच्या विख्यात गायिकेने गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगितले. कारण साधे होते: तबकड्या तयार व्हावयाला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कारागिराला गाणारी कोण हे कळावे. पण बघा, आपल्या नाममुद्रेसारखेच झाले ना? यंत्रालाही शेवटच्या चरणात नाव लागले.

आकाशवाणीवर गाणे लागण्यापूर्वी गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगतात ती आपण सहज कानाआड करतो. तीही नाममुद्राच. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर, एप्रिल १९५६ पर्यंत, त्यातली ५६ गीते लोकांनी रेडिओभोवती बसून ऐकली. त्या गीतांबरोबर गदिमा आणि सुधीर फडके ही दोन नावे घरोघर गेली. माडगूळकर हे आपल्याच माणदेशचे, जन्म शेटफळ्याचा. दुष्काळी मुलुखातल्या एका मुलाने शब्दांवर संसार उभा केला, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. शब्दाला मोल मिळते असे दिसले, तरच शेतकऱ्याचे पोर लेखणी धरण्याचे धाडस करील.

अजून एक दाखला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करताना त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः नावाजलेले कवी. ती गाणी त्यांनी आणि घरातल्या एका भावाने उतरून घेतली होती. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखविले आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आता विचार करा. कागदावर अक्षर मुलाचे, कवी म्हणून नाव मुलाचे, आई निरक्षर आणि तीही हयात नाही. एखाद्याने सगळी कविता आपल्या नावावर छापली असती तर कोण विचारणार होते? सोपानदेवांनी आईचे नाव लावले. आज मुलापेक्षा आईचे नाव मोठे आहे, आणि त्या मोठेपणात मुलाच्या प्रामाणिकपणाचाही वाटा आहे.

बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले. आपल्या गावोगावच्या आयाबायांना कोण मिळाले? जात्यावरच्या ओव्या 'लोकगीत' म्हणून छापल्या गेल्या, रचणारी-सांगणारी कोण याची विचारपूस फारशी झाली नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मात्र गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्या जमविताना ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली.

इतके पाहिल्यावर कायद्याकडे वळू. इंग्लंडात १७१० साली राणी ॲनच्या काळात लेखकाचा हक्क मानणारा कायदा झाला. नव्या पुस्तकाला चौदा वर्षे आणि लेखक जिवंत असल्यास आणखी चौदा वर्षे, अशी ती मुदत होती. आपल्याकडे कंपनी सरकारच्या अमदानीत १८४७ साली पहिला कायदा आला, मग १९१४ चा, आणि स्वतंत्र भारताचा स्वतःचा कायदा झाला १९५७ साली. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि वेळोवेळी दुरुस्त होऊन आजही चालू आहे.

या कायद्यात आपली तिन्ही देणी सापडतात. त्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे लेखकाने आपले हक्क विकून टाकले, तरी कृती माझी आहे असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. सालोमालोला उत्तर ते हे. त्याच कलमाप्रमाणे, आपल्या कीर्तीला बाध येईल अशी कृतीची मोडतोड कुणी केली तर लेखकाला हरकत घेता येते. म्हणजे एकनाथांची करवंटी. आणि छापणे, गाणे, प्रयोग करणे, भाषांतर करणे यांचे मोल मागण्याचा हक्क ही झाली भाकरी. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा आणखी पक्का केला. पठ्ठे बापूरावांच्या वेळी जी रीत नव्हती ती आता लेखी झाली.

आता आपण म्हणाल, "अहो प्राध्यापक, विद्या दिल्याने वाढते असे आपणच शिकवितो. संतांनी फुकट दिले. आमच्या शाळेत पुस्तकांना पैसे नाहीत. मग हा हक्क गरिबाच्या पोराला आडवा येत नाही का?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही.

संतांनी दिले ते स्वतःचे दिले. आपल्याकडे पाण्याचे मोल कुणाला सांगावे लागत नाही. विहीर एकाची असली तरी तहानलेल्याला कोणी पाणी नाकारीत नाही. पण म्हणून त्या विहिरीवर रातोरात मोटार बसवून आपला ऊस भिजवील, त्याला गाव काय म्हणेल? कायद्यानेही हाच विवेक ठेवला आहे. शिक्षकाने वर्गात शिकविताना किंवा विद्यार्थ्याने शिकताना कृतीतला भाग उतरून घेतला तर तो गुन्हा नाही. शिकविण्यासाठी लागणाऱ्या पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स प्रतींवरून दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा केला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीची ही सवलत उचलून धरली. शाळेच्या संमेलनात मुलांनी आणि शिक्षकांनी नाटक बसविले, आणि पाहणारे शाळेतलेच आणि मुलांचे आईवडील असले, तर त्यालाही सूट आहे. मात्र तेच नाटक तिकीट लावून यात्रेत करावयाचे, तर नाटककाराची परवानगी घ्यावयाची आणि मागितले तर मानधन द्यावयाचे.

शिवाय हा हक्क जन्मोजन्मीचा नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कृती सगळ्यांची होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले, त्यांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ साली ती साठ करण्यात आली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ च्या जानेवारीपासून त्यांची पुस्तके कुणालाही छापता येतात. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. गदिमा १९७७ साली गेले, त्यांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. हिशोब एवढा सोपा आहे. सातवीतल्या मुलांना गणिताच्या तासाला घालावा. पण एक मात्र ध्यानात ठेवावयाचे: मुदत संपते ती पैशाची. नावाचे देणे साठ वर्षांनी फिटत नाही. तुकोबांचा अभंग आपण सगळ्यांचा आहे, तरी 'तुका म्हणे' आपण गाळतो का?

आणि हेही मुलांना सांगावे, की कल्पना कुणाच्या मालकीची नसते. दुष्काळावर एकाने कविता लिहिली म्हणून दुसऱ्याने लिहू नये असे नाही. तुकोबांनी ज्ञानदेव-नामदेवांचे वाचले, पचविले आणि आपल्या शब्दांत आपले सांगितले. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्व करावयास सांगितले, असे ते स्वतःच अभंगातून सांगतात. एवढे मोठे कवी झाले, तरी शिकलो कुणाकडून हे सांगावयाला लाजले नाहीत. शिकणे आणि चोरणे यांतला फरक तिथेच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, मग वर्गात करावयाचे काय? कायद्याची कलमे फळ्यावर लिहून आणि तुरुंगाची भीती घालून हे काम होणार नाही. रोजच्या चारदोन सवयींनी होईल.

बालभारतीच्या पुस्तकात कवितेबरोबर कवीचा परिचय दिलेला असतो. घाईत आपण तो सोडून देतो आणि अर्थ सांगू लागतो. तो आधी वाचावा. मुलाने कविता म्हणताना आरंभी कवीचे नाव घ्यावे, ही शिस्त पहिलीपासून लावावी. पंधरा ऑगस्टला मुले भाषणे करतात, ती बहुधा गुरुजींनी नाही तर वडिलांनी लिहून दिलेली असतात. त्यात वाईट काही नाही. पण शेवटी मुलाने म्हणावे, "हे भाषण मला अमक्यांनी लिहून दिले." टाळ्या काही कमी पडावयाच्या नाहीत. निबंधात दुसऱ्याचे वाक्य आवडले म्हणून घेतले तर खाली पुस्तकाचे नाव लिहावे, आणि असे लिहिणाऱ्याचा गुण कापू नये, उलट एक वाढवावा. आपण नेमके उलटे करतो. निबंधाच्या तयार पुस्तकातून, आणि आता तर संगणकाकडून, सबंध निबंध उतरून आणणाऱ्याला अक्षर चांगले म्हणून दहापैकी आठ देतो, आणि स्वतःच्या मोडक्या शब्दांत आपल्या शेळीविषयी लिहिणाऱ्याला चार. मग मूल काय शिकते? दुसऱ्याच्या शब्दांत फायदा आहे, हेच ते शिकते.

मोबाईलवरून कविता येतात. कुणाखाली नावच नसते, कुणाखाली कुसुमाग्रजांचे नाही तर पु. लं.चे नाव भलत्याच मजकुराला चिकटविलेले असते. हा सालोमालोचा उलटा प्रकार झाला: आपला माल मोठ्याच्या शिक्क्याने खपवावयाचा. मुलांना अशी एक कविता द्यावी आणि आठवडाभराने विचारावे, ही खरोखर कुणाची? ग्रंथालयात शोधू द्यावे. नाव सापडल्याचा आनंद त्यांना एकदा मिळाला, की पुढे नाव गाळणे त्यांनाच खुपेल.

पण सर्वांत मोठा धडा आपल्या वागण्यातून मिळतो. शाळेच्या हस्तलिखितात मुलीचे चित्र घेतो, तिला विचारतो का? चित्राखाली तिचे नाव घालतो का? मुलाची गोष्ट 'सुधारताना' ती त्याची राहते का? भिंतीवर लावलेला तक्ता एका पोराने रात्र जागून केलेला असतो आणि तपासणीच्या वेळी तो शाळेचा म्हणून दाखविला जातो. ज्याच्या कामावरचे नाव कुणी सांभाळले नाही, तो दुसऱ्याचे नाव सांभाळील अशी अपेक्षा कशी करावयाची?

म्हणून या वर्षी हस्तलिखित काढाल तेव्हा एवढे कराच. प्रत्येक पानावर लिहिणाऱ्याचे आणि चित्र काढणाऱ्याचे पूर्ण नाव घाला. उतारा घेतला असेल तर कुठून घेतला ते लिहा. आणि दोन पाने राखून ठेवा. त्यांसाठी प्रत्येक मुलाला आपल्या आजीकडे पाठवा. तिला येत असलेली एकतरी जात्यावरची ओवी तिच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता लिहून आणावयाला सांगा, आणि त्या ओवीखाली आजीचे नाव आणि गाव लिहावयाला विसरू नका. बऱ्याच आज्यांचे नाव कागदावर असे पहिल्यानेच उमटेल.